चिठ्ठीत निघालेली माणसं

३ ऑगस्ट, रविवार

आज चिठ्ठ्या निघाल्या. आमच्या शाळेच्या हॉलमध्ये, लोकांसमोर, मातीच्या माठातून. माठ रय्यान सरांनी आणला. मी म्हटलं होतं, प्लास्टिकची बादली चालेल. तर म्हणाले, "बादलीवर लोकांचा विश्वास बसत नाही, अनीसा मॅडम." गणिताच्या शिक्षकाला हे कुठून सुचतं कोण जाणे.

ही वही मी मराठीत लिहिते. उर्दू शाळेत इतकी वर्षं मराठी शिकवून आता विचारच मराठीत येतात, हे एक कारण. अम्मीला मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, हे दुसरं. आणि खरं.

बडनेऱ्यातल्या आमच्या कमानपुऱ्यात दर मंगळवारी गल्लीतच भाजीबाजार भरतो. कमानीपासून पार आतपर्यंत टोपल्या, हातगाड्या, ताडपत्र्या. महापालिकेने हा बाजार उठवून बायपासजवळ न्यायचं जवळजवळ ठरवलं आहे. अर्धा मोहल्ला म्हणतो सुटलो, अर्धा म्हणतो मेलो. निवडणूक झालेली नाही, नगरसेवक नाहीत. विचारायचं कोणाला, आणि विचारणार कोण?

उन्हाळ्यात अकोल्याला शिक्षकांचं शिबिर होतं. तिथे गीतांजलीताई भेटल्या. त्यांनी एका गावात भरवलेल्या नागरिक सभेबद्दल सांगितलं. पुढारी नाही, उमेदवार नाही. चिठ्ठ्या टाकून माणसं निवडायची, म्हणजे जे कधीच पुढे येत नाहीत तेही येतात. त्यांना सगळी माहिती द्यायची, एकमेकांसमोर बसवायचं, आणि निवांत बोलू द्यायचं. ऐकता ऐकता माझ्या अंगावर काटा आला. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते आणि मनात एकच, की आपण ह्याच कामासाठी जन्माला आलो. (हे वाक्य कोणालाही वाचून दाखवायचं नाही.)

महापालिकेच्या झोन कार्यालयातल्या आकांक्षा मॅडम वयाने लहान आहेत, पण ऐकून घेतात. म्हणाल्या, "तुमचा ठराव आमच्यावर बंधनकारक नसेल. पण मी वाचीन, आणि उत्तर लेखी देईन." एवढं पुरे आहे.

तीसेक माणसं निघाली. बाया-पुरुष सारखे, गल्लीत राहणारे आणि बाजारात विकणारे, हिंदू आणि मुसलमान, म्हातारे आणि कॉलेजातले. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात जाणारी प्रतीक्षा आहे. शेजारच्या खेड्यावरून भाजी घेऊन येणाऱ्या जयवंताबाई आहेत. नाव पुकारलं तेव्हा त्या ओरडल्या, "मले काहून काढलं वो? म्या काय केलं?" हॉल हसला.

आणि किसनराव आहेत, रेल्वेच्या फाटकावरून निवृत्त झालेले. ते उठले नाहीत, मागच्या रांगेतूनच बोलले. "येईन मी. पन माहं ठरेल हाये. बाजार उठलाच पायजे."

सगळं आवरून निघाले तर रय्यान सर गाडी घेऊन उभे. त्यांचं घर वाटेतच आहे म्हणे.

१० ऑगस्ट, रविवार

पहिली बैठक. अपेक्षेपेक्षा बरी झाली. एका अँब्युलन्स चालकाला बोलावलं होतं, त्याने गाडी वळायला किती जागा लागते ते खडूने जमिनीवर आखून दाखवलं. विकणाऱ्या बाया त्या रेघेभोवती उभ्या राहून कुजबुजत होत्या.

बोलण्याचे नियम मी पाटीवर लिहिले. प्रत्येकाला दोन मिनिटं. मध्ये कोणी बोलायचं नाही. वेळ संपली की टेबलावरची घंटी.

किसनराव सगळ्यांच्या आधी आले होते. मी पोचले तोवर खुर्च्या गोलात लावून झालेल्या. रेल्वेची शिस्त, दुसरं काय. संपल्यावरही खुर्च्या उचलत बराच वेळ रेंगाळले. मी म्हटलं, राहू द्या काका, शिपाई करेल. तर म्हणाले, "घरी जाऊन तरी काय करू?"

रय्यान सरांनी थर्मासमधून चहा आणला होता. सगळ्यांचा गोड, आणि एक छोटा थर्मास बिनसाखरेचा. मी बिनसाखरेचा घेते हे त्यांना कसं कळलं? योगायोगाने त्यांनाही बिनसाखरेचाच लागत असावा. पण ते तर गोड प्यायले. जाऊ दे.

२४ ऑगस्ट, रविवार

आज मी खरी सूत्रधार झाले असं वाटलं.

सभा तापली होती. जयवंताबाई एकदा सुरू झाल्या की थांबत नाहीत. "बायपासले कोन येईन भाजी घ्याले? टरकवाले?" त्यांना दोनदा घंटी वाजवून बसवावं लागलं. रागावल्या, पण बसल्या. मग किसनरावांची पाळी. ते उभे राहिले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. घसा खाकरला. "मंगळवार होता," एवढं म्हणाले. मग रुमाल काढला, घडी केली, परत ठेवला. "मी गच्चीवर गेलो. तिथून दिवा दिसून राहिला होता कमानीपाशी..." पुन्हा थांबले. विषय बाजाराच्या जागेचा, आणि हे गच्चीवर. मी घड्याळाकडे पाहिलं. घंटी वाजवली.

ते खाली बसले. 

मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण जयवंताबाईंना एक न्याय आणि वडीलधाऱ्यांना दुसरा, असं केलं असतं तर सभा मोडली असती. नियम सगळ्यांना सारखे आहेत हे आज सगळ्यांना दिसलं.

परतताना रय्यान सर वाटभर गप्प होते. थकले असतील. अम्मीने त्यांना दारातून परत बोलावून शेवयांचा डबा दिला. मग मला म्हणाली, "बेटा, इसका घर तो रेल्वे लाइन के उस पार है ना?" मी म्हटलं, हो. "फिर रास्ते में कैसे पडता है?"

अम्मीला दिशांचं कधीच कळलं नाही.

७ सप्टेंबर, रविवार

गणपती, महालक्ष्म्या, ईद-ए-मिलाद, सगळं आटोपून आज तिसरी बैठक. मी पोचले तेव्हा खुर्च्या भिंतीला टेकवलेल्याच होत्या. किसनराव आले नाहीत.

मला रागच आला. तोंडातून निघालं, "एवढं जबाबदारीचं काम, आणि न कळवता गैरहजर!" जयवंताबाई पदराने वारा घेत म्हणाल्या, "त्या दिवशी तोंड पाह्यलं नाई का तुमी त्याहिचं?"

बैठक कशीबशी उरकली. मग रय्यान सर खुर्च्या उचलताना हळूच म्हणाले, "मॅडम, त्यांची बायको मंगळवारी गेली. दोन वर्षं झाली असतील. बोलावलेली अँब्युलन्स बाजारात अडकून पडली होती. घरापर्यंत पोचायला फार उशीर झाला."

आम्ही कमानपुऱ्यात राहायला येऊन वर्षच होतंय. मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही कोणाला विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं तर त्या दिवशी मला थांबवलं का नाही?"

"थांबवायला हवं होतं," ते म्हणाले. खुर्ची हातात तशीच धरून ठेवली त्यांनी. "माझी बायको गेली तेव्हा मला कित्येक महिने एक वाक्य धड पुरं करता येत नव्हतं. वर्गात पाढे म्हणायचो फक्त. पाढे म्हणता येतात. दोन मिनिटं फार कमी पडतात, मॅडम."

त्यांची बायको बाळंतपणात गेली, बाळही गेलं, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत आहे. मलाही होतं. पण ते कधी बोलत नाहीत, म्हणून मी विसरूनच गेले होते.

जेवण गेलं नाही. घंटी वाजवणारा माझा हात आठवत राहिला.

९ सप्टेंबर, मंगळवार

शाळा सुटल्यावर किसनरावांकडे गेले. बाजाराचा दिवस. बाहेर कांदे-बटाट्यांचा पुकारा चालू आणि त्यांचं दार, खिडक्या, सगळं घट्ट बंद. बराच वेळ कडी वाजवावी लागली.

आत अंधार होता. भिंतीवर माणिकबाईंचा फोटो. जाड भिंगांचा चष्मा, कपाळावर गोंदण. फोटो काढणाऱ्यावर मनातून हसत असल्यासारखा चेहरा. किसनरावांनी स्वतः चहा केला. त्यात इतकी साखर होती की चमचा उभा राहावा. मी पूर्ण प्यायले.

माफी मागायची वाक्यं मी वाटेत तयार केली होती. त्यांनी निम्म्यातच हात हलवला.

"तुमी बरोबरच केलं मॅडम. फाटकावर मी बी कोनाले थांबू देत नवतो. कोनी रडो, कोनी पाया पडो. गाडी यायची ते येतेच. एकदा एका बाईचं लेकरू तापानं फनफनत होतं, तिले बी थांबवलं म्या. माणिक म्हने, तुमाले कायीज नाई. मी म्हनो, फाटकवाल्याले कायीज ठेवून चालत नाई."

मी म्हटलं, "काका, यापुढे घंटी नाही वाजवणार."

"मंग सभा चालन कशी?"

मी विषय बदलला. येता का पुढच्या रविवारी, असं विचारलं. ते फोटोकडे बघत राहिले. मी निघाले तेव्हा हो म्हणाले नव्हते, नाहीही म्हणाले नव्हते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

वाईट दिवस.

कोणीतरी व्हॉट्सॲपवर फिरवलं आहे की उर्दू शाळेची बाई चिठ्ठ्यांच्या नावाखाली आपली माणसं बसवतेय. दुसऱ्या एका ग्रुपवर नेमकं उलटं, की अनीसा मॅडम महापालिकेला विकल्या गेल्या आणि आपल्या लोकांचे गाडे उठवणार. म्हणजे मी दोन्हीकडून एकाच वेळी खोटी.

मुख्याध्यापकांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही, पण सांगितलं, हॉल मिळणार नाही, आणि शाळेचं नाव ह्यात नको. "तुम्ही मराठी शिकवा, तेच पुष्कळ आहे." रय्यान सर न बोलावता माझ्या मागून आत आले होते. म्हणाले, "सर, चिठ्ठ्या मी बनवल्या. नोटीस द्यायची तर माझ्या नावाने द्या."

लोकशाहीवर एवढी निष्ठा असलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

संध्याकाळी रडले. मला कोणी नेमलं होतं? ना मी ह्या गल्लीत जन्मले, ना पुढारी, ना समाजसेविका. चाळिशीला आलेली एक मराठीची बाई. अम्मी जवळ येऊन बसली. केसांना तेल लावत म्हणाली, "तेरे अब्बा कहते थे, अनीसा को किसी ने चुप रहना सिखाया ही नहीं." मग थोड्या वेळाने, "अच्छा ही हुआ."

तेवढ्यात जयवंताबाईंचा फोन. त्यांनाही कळलं होतं. "हॉल नाई तं नाई. बाजारातल्या टिनाच्या शेडात बसू ना. इतवारी कोनी नसते तिथं. आन मी काय म्हनतो बाई, ज्या जागेचं भांडन, तिथंच बसावं मानसानं."

१४ सप्टेंबर, रविवार

हे मी सगळं लिहिणार आहे, हात दुखला तरी.

शेड म्हणजे कमानीच्या मागच्या पटांगणावर चार खांब आणि पत्रा. प्रतीक्षाने झाडून घेतलं होतं. खाली कुजक्या कोथिंबिरीचा वास. आम्ही गोण्यांवर आणि विटांवर बसलो. व्हॉट्सॲपचं वाचून एकही माणूस गळला नाही. उलट बोलणं सुरू झाल्यावर कमानीखालून किसनराव येताना दिसले. इस्त्रीचा सदरा. खुर्च्या लावायला नव्हत्या, म्हणून क्षणभर काय करावं हे त्यांना कळेना. रय्यान सरांनी आपली वीट सरकवून त्यांना जागा दिली.

त्यांची पाळी आली. घंटी मी आणलीच नव्हती.

ते बोलले. थांबून थांबून. मध्ये एकदा इतका वेळ गप्प बसले की पत्र्यावरची चिमणी ऐकू येत होती. कोणी हललं नाही. माणिकबाईंच्या छातीत दुखायला लागलं, त्यांनी फोन केला, गच्चीवर चढून बघत राहिले. कमानीपाशी अँब्युलन्सचा दिवा फिरत होता. तिथेच फिरत होता. पुढे येत नव्हता. "खाली येऊन तिचा हात धरावा का वर राहून गाडी पाहावी, मले समजून नाई राहिलं. मी वरतेच राह्यलो. ती खाली एकटी होती."

प्रतीक्षा रडत होती. मीही. मग किसनराव एकदम रागाने म्हणाले, "आन ह्याच बाजाराचं तिले भारी येड! दर मंगळवारी दोन-दोन घंटे. यायची तं पिशवीत काय? अंबाडी! दर मंगळवारी रातच्याले अंबाडी. मी म्हनो, दुसरी भाजी भेटत नाई का व तुले?"

जयवंताबाई ताठ झाल्या. "अंबाडी?" त्या म्हणाल्या. "चश्मा होता का हो तिले? जाड? अन् इथं गोंदेल?" त्यांनी आपल्या कपाळावर बोट ठेवलं.

किसनरावांनी मान हलवली.

"माय माय! ते तुमची होये का?" जयवंताबाई गोणीवरून उठून उभ्याच राहिल्या. "ते बसे ना माह्यापाशी! माह्या पोत्यावर बसे अन् पेंड्या बांधू लागे. अंबाडी कोनी घेत नाई, शेवटी उरतेच. मंग ते म्हने, आन इकडं, अन् तू निंग, तुही गाडी चुकन. माही शेवटची बस भेटावी म्हनून नेत होती ते. म्या नाव बी नाई इचारलं कधी. यायची बंद झाली तं मले वाटलं, लेकाकडं गेली असन पुन्याले."

किसनरावांचं तोंड उघडंच राहिलं. मग अगदी लहान आवाजात विचारलं, "काय बोले ते? तुमच्यापाशी?"

"तुमचंच. आमचे म्हने, फाटकावर एकटेच असतात, बोलाले कोनी नाई, म्हनून घरी आले की बोलतच नाईत. सवय गेली म्हने त्याहिची."

मला वाटलं इथे संपलं. पण जयवंताबाई बसल्या नाहीत. पदर खांद्यावर घट्ट ओढला आणि म्हणाल्या, "भाऊ, अजून एक सांगतो. कमानीपाशी माहीच टोपली असते. त्या दिवशी हॉर्न वाजून राहिला होता. हॉर्न तं दर मंगळवारी वाजते. उठली मी. पन हळूहळू उठली."

 मी काहीतरी म्हणावं असं वाटत होतं. सूत्रधार मीच ना. रय्यान सरांनी माझ्याकडे पाहून कोणाला कळणार नाही अशी नकारार्थी मान हलवली. मी गप्प राहिले.

"कोनाले मालूम होतं बाई," किसनराव शेवटी म्हणाले. मग, "पन रस्ता पायजे."

"पायजेच," जयवंताबाई म्हणाल्या. "कोन म्हनते नाई पायजे?"

त्यानंतरचं काम इतकं सरळ चाललं की मी पाहतच राहिले. सगळे उठून पटांगण पावलांनी मोजायला लागले. कोण कुठे बसेल, ऊन कुठून येतं, गिऱ्हाईक कुठून वळेल. कोणी मला विचारत नव्हतं. एका खांबाला टेकून मी नुसती बघत होते, आणि इतकं बरं मला आयुष्यात क्वचितच वाटलं असेल.

रय्यान सरही शेजारी उभे होते. ते मात्र पटांगणाकडे बघत नव्हते. बहुतेक उन्हामुळे.

२८ सप्टेंबर, रविवार

ठराव झाला. बाजार कमानपुऱ्यातच राहावा, पण गल्लीतून उठून मागच्या पटांगणावर आणि शेडमध्ये भरावा. कमानीखाली आणि गल्लीच्या तोंडाशी कोणीही बसू नये. गाडी जाईल एवढा रस्ता सदा मोकळा. विकणाऱ्या बायांसाठी संडास आणि नळ. ही शेवटची मागणी प्रतीक्षाने मांडली, आणि एकाही पुरुषाने आजवर हा विचार केलेला नव्हता हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं.

बहुतेकांनी हात वर केले. चार-पाच जण विरोधात राहिले, त्यांची कारणंही ठरावात लिहिली. किसनरावांनी हात वर केला नाही, विरोधातही नाही. मी विचारलं, "काका, तटस्थ लिहू?"

"लिहा काहीबी," ते म्हणाले. "पन एक घाला. बाजाराच्या दिवशी कमानीपाशी एक मानूस पायजे. ठराव काय रस्ता मोकळा ठेवते का? मानूस ठेवते."

"कोण राहील दर मंगळवारी?"

"मी हावो ना."

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आकांक्षा मॅडमचं पत्र आलं. बायपासचा प्रस्ताव तूर्त थांबवला आहे. तीन महिने प्रयोग म्हणून पटांगणावर बाजार भरवावा, मग पाहणी करून निर्णय. नळ मंजूर. संडासाचा विचार पुढील वर्षी.

मी प्रतीक्षाला फोन केला. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी म्हणजे बाया वर्षभर काय करतील, मॅडम?" मग स्वतःच म्हणाली, "मी जाते सोमवारी सुट्टी टाकून. त्यांनाच विचारते." ऑगस्टमध्ये ही मुलगी स्वतःचं नाव सांगताना जमिनीकडे बघत होती.

मला आनंद झाला का? झाला. पण अर्धाच. मी अख्ख्या ठरावाची स्वप्नं पाहिली होती.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

नव्या जागेचा पहिला बाजार. सकाळी गोंधळ. जागेवरून दोन भांडणं, एका टमाटेवाल्याने हातगाडी मुद्दाम कमानीखाली आणून उभी केली. किसनराव रेल्वेचा जुना खाकी शर्ट घालून आले होते. ओरडले नाहीत. गाडीसमोर जाऊन उभे राहिले, नुसते. टमाटेवाला शिव्या देऊन दमला आणि निघून गेला.

दुपारी एक ऑटो सरळ आत आला. कोणी आजारी नव्हतं. मुलीला माहेरी सोडायला आलेले पाहुणे. तरी किसनराव बाजूला होऊन त्या ऑटोकडे तो पार आत वळेपर्यंत बघत राहिले. जयवंताबाई नव्या जागेवरून ओरडल्या, "गेला का हो भाऊ?"

"गेला!"

त्यांच्या घराच्या खिडक्या आज उघड्या होत्या.

अकोल्याहून गीतांजलीताईंचा फोन होता. तिथे पाण्याच्या वाटपावर मोठी सभा भरवायची आहे, सूत्रधार म्हणून मी हवी आहे. दर शनिवार-रविवार, उन्हाळ्यापर्यंत. मी हो म्हटलं आणि मग घाबरले. अम्मी एकटी, शाळा, ये-जा. रय्यान सरांना सांगितलं तर म्हणाले, "जा. अकोल्याला माझंही काम असतं शनिवारी." कसलं ते सांगितलं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते लिहिताना माझे कान अजून गरम आहेत.

चार वाजता रय्यान सर आणि त्यांची मोठी बहीण, आपा, घरी आले. आपा मोर्शीला असतात, बरोबर संत्र्यांची टोपली. सरांनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, "आपांना तुमच्याशी बोलायचं आहे." मला वाटलं, मोर्शीलाही सभा भरवायची असणार. मी तयारी करून बसले होते. चहा ठेवला आणि सुरू केलं. चिठ्ठ्या का, निवडणूक का नाही, बाया-पुरुषांचं प्रमाण कसं राखायचं, दोन मिनिटांचा नियम का चुकीचा. आपा फार छान ऐकत होत्या, मध्ये मध्ये भावाकडे बघून हसत होत्या. सर गालिच्यावरची नक्षी मोजत होते.

शेवटी अम्मी म्हणाली, "अनीसा, बेटा, अब चुप बैठ. इन को बोलने दे."

मी थांबले. आपांनी कप खाली ठेवला. "हम कुछ तय करके नहीं आए हैं," त्या म्हणाल्या. "मेरा भाई तो कहता है, उनसे पूछे बग़ैर उनकी अम्मी से बात करना ग़लत है. इसलिए मैं आपसे पूछने आई हूँ. सिर्फ़ पूछने."

मग त्यांनी विचारलं.

माझ्या लग्नाची गोष्ट केव्हाच मिटली आहे असं मी धरून चालले होते. स्थळं यायची ती अब्बांकडे यायची, ठरायचं ते पुरुषांत ठरायचं, मोडायचं तेही माझ्यापर्यंत यायच्या आत मोडायचं. मला कोणी कधी समोर बसवून विचारलंच नव्हतं. गेले तीन महिने मी कमानपुऱ्यातल्या एकेकाला विचारत फिरते आहे, तुम्हाला काय वाटतं? आणि आज तोच प्रश्न माझ्याकडे आला तर माझ्या तोंडून एक शब्द निघेना. बराच वेळ. पण कोणी घाई केली नाही.

मी कसंबसं म्हटलं, "मला वेळ हवा आहे. बोलावं लागेल. पुष्कळ."

तेव्हा सरांनी पहिल्यांदा मान वर केली. "कितीही बैठका घ्या," ते म्हणाले.

अम्मी हसता हसता खोकायला लागली, तिला पाणी द्यायला मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन उभीच राहिले.

८ नोव्हेंबर, शनिवार

अकोल्याला जाणाऱ्या गाडीत लिहितेय, अक्षर हलतंय.

समोरच्या बाकावर सर आहेत. अकोल्यात त्यांचं काही काम नाही. मूर्तिजापूरच्या अलीकडे मी स्पष्टच विचारलं, तेव्हा कबूल केलं. त्या माठाचं, त्या बिनसाखरेच्या चहाचं, रेल्वे लाइनच्या पलीकडच्या घराचंही विचारलं. एकेक करून सगळं सांगितलं. सांगताना घाम पुसत होते.

मग मी त्यांना त्यांच्या बायकोबद्दल विचारलं. नाव काय होतं, काय आवडायचं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. शेतातला कापूस फुटला आहे, वेचणाऱ्या बाया ओळीने वाकलेल्या. सर अजून काही बोललेले नाहीत. अकोला यायला वेळ आहे. मी वही मिटते.